बेघर शेजाऱ्यांसह सामायिक भाजीमळा : वाफा, नळ आणि किल्ली यांचे काय करावे?

प्रश्न : अनगोळ परिसरातील रहिवासी

सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या दक्षिण भागात, अनगोळच्या पुढे, आमची सुमारे ६० घरांची वसाहत आहे. वसाहतीच्या मागे देवस्थानच्या पंच कमिटीच्या मालकीची ४ गुंठे जागा कित्येक वर्षे पडून असून तेथे काँग्रेस गवत, फुटकी कौले आणि घरे पाडताना निघालेला राडारोडा यांशिवाय काही नाही. या जागेला लागूनच नाल्याच्या काठाने ९ कुटुंबे ताडपत्रीच्या पालांत राहतात. त्यांतील चार बारमाही येथेच असतात; उरलेली दसऱ्याच्या सुमारास येतात आणि गुढीपाडव्यानंतर निघून जातात. ती कोठे जातात, हे आमच्यापैकी कोणी आजवर विचारलेले नाही. पुरुषमंडळी सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर उभी राहतात, बायका भंगार वेचतात, आणि एक आजोबा दिवसभर पालाच्या तोंडाशी बसून असतात. सहा वर्षांत त्यांच्याशी माझे झालेले एकूण बोलणे म्हणजे त्यांनी विचारलेले ‘पाणी देता का?’ आणि मी सांगितलेले ‘इथे कचरा टाकू नका’ एवढेच आहे. हे लिहिताना मला संकोच वाटतो.

मागील महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत ही जागा साफ करून तेथे सामायिक भाजीमळा करण्याचा विषय निघाला आणि पंचांनीही दसरा ते पाडवा अशी एका हंगामापुरती संमती दिली. त्यावर आम्ही दोघी-तिघींनी सुचवले की मळा करायचाच असेल तर पालांतील कुटुंबांनाही त्यात आपल्या बरोबरीने वाफे द्यावेत. तेथून मतभेद सुरू झाले. काहींचे म्हणणे असे की एकदा वाफा दिला की ते जागेवर हक्क सांगतील. काहींच्या मते त्यांना खुरपणीची मजुरी द्यावी, पण वाटणी देण्याचे कारण नाही. तिसरा आक्षेप असा की मळ्यासाठी घेतलेल्या नळावर आंघोळी आणि धुणी सुरू होतील. हा तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, कारण पालांपासून सर्वांत जवळचा सार्वजनिक नळ अर्ध्या किलोमीटरवर आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

दानधर्म कसा करावा, हे मला विचारायचे नाही. महाप्रसाद झाला की उरलेले अन्न आम्ही पालांवर पोहोचवतोच. त्याने त्यांच्या एका जेवणाची सोय होते, पण आमची एकमेकांशी ओळख वाढली असे कधी झालेले नाही. घर असलेले आणि घर नसलेले शेजारी एकाच मळ्यात काम करतील, अशी व्यवस्था कोणी प्रत्यक्षात चालवून पाहिली आहे काय? चालली असल्यास कशामुळे, आणि मोडली असल्यास कोठे?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

आपले तिन्ही आक्षेप वाचताना आमच्या गावच्या पारावरची चर्चाच पुन्हा ऐकल्यासारखे वाटले. आमच्याकडे बाजारपेठेच्या मागे एका कुटुंबाचे पडीक परसू होते. मालक नोकरीनिमित्त परगावी असल्यामुळे त्यांनी ते आम्हांला वापरायला दिले. गेले तीन हंगाम आम्ही तेथे मळा करीत आहोत. त्यातला पहिला हंगाम साफ फसला, आणि तो का फसला हे सांगणे मला आपल्यासाठी अधिक उपयोगाचे वाटते.

पहिल्या वर्षी मळा आमचा होता आणि जवळच्या पालांतील माणसे ‘मदतीला’ येत असत. आम्ही त्यांना मजुरी दिली नाही, कारण हे सर्वांचे काम आहे असे आम्ही म्हणत होतो. वाफेही दिले नाहीत, कारण त्यांची कामाची पद्धत नीट समजल्यावर देऊ असे आमचे ठरले होते. दर रविवारी निघालेली भाजी आम्हीच जुड्या बांधून त्यांच्या हाती ठेवत होतो. संक्रांतीपर्यंत त्यांच्यापैकी एकही जण येईनासा झाला. या लोकांना कष्ट नकोत, असा निष्कर्ष आमच्या बैठकीत काढलाही गेला. त्यांच्यातील एका बाईंना, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, मी रस्त्यात गाठून विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “बाई, मजुरी दिली असती तर मजूर म्हणून आलो असतो. वाफा दिला असता तर आपला म्हणून आलो असतो. तुम्ही दोन्हींतले काहीच दिले नाही.”

दुसऱ्या वर्षी आम्ही १० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे १४ वाफे पाडले आणि चिठ्ठ्या टाकून वाटले. चिठ्ठ्या एकाच डब्यात होत्या, त्यामुळे घरवाल्यांचे वाफे एका बाजूला आणि पालवाल्यांचे दुसऱ्या बाजूला असे झाले नाही. माझ्या शेजारचा वाफा अक्कांना आला. मी मेथी इतकी खोल पेरली होती की आठ दिवसांनी अक्कांचा वाफा हिरवा झाला आणि माझा तसाच कोरा राहिला. त्या हसल्या, आणि मला वाटते आमची खरी ओळख त्या हसण्यापासून झाली. त्यांच्या माहेरी वाट्याने केलेली शेती होती. पेरलेले बी मुंग्या ओढून नेतात म्हणून वाफ्याच्या कडेने राख टाकणे, मावा पडला की पहाटेच्या दहिवरावर तीच राख भुरभुरणे, हे सर्व त्यांना हातचे होते. ज्यांना आम्ही शेती शिकवायला निघालो होतो, त्यांतील बहुतेकांचा जन्म मातीत गेलेला होता आणि आमचा खडूच्या भुकटीत. ही गोष्ट आम्ही पहिल्या वर्षी विचारली असती तर कळली असती.

आता वेळेविषयी. आम्ही बैठक रविवारी सकाळी अकराला ठेवत होतो. त्या वेळी अक्का आणि त्यांच्या सोबतच्या बायका आठवड्याचे भंगार वजन करून विकत असत. त्यामुळे त्या कधीच हजर नसत आणि ठराव मात्र ‘सर्वानुमते’ होत असत. बैठक दिवेलागणीला नेल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी दोन ठराव बदलून घेतले. अवजारांचेही असेच झाले. पालात खुरपे ठेवायला सुरक्षित जागा नसते, म्हणून मळ्यातच एक पत्र्याची पेटी ठेवली आणि तिच्या तीन किल्ल्यांपैकी एक पालांकडे दिली. यावर एका गृहस्थांनी बरीच नाराजी व्यक्त केली. पहिल्या महिन्यात पेटीतून फक्त एक झारी नाहीशी झाली, आणि ती नंतर त्याच गृहस्थांच्या गच्चीवर, त्यांच्या नातवाने नेलेली, सापडली. हा प्रसंग मी सांगू नये असे ठरवले होते, पण आपल्या प्रश्नाच्या मथळ्यात किल्लीचा उल्लेख असल्यामुळे राहवले नाही.

नळाचा प्रश्न मात्र विनोदाने सुटणारा नव्हता. सुरुवातीला आम्ही ‘फक्त झाडांसाठी’ अशी पाटी लावली. ज्या माणसाला प्यायला पाणी नाही, त्याने आपल्यासमोर मेथीला झारीने पाणी घालावे, ही अपेक्षाच विचित्र होती, आणि पाटी आम्ही आठवडाभरात काढली. पिण्याच्या पाण्यासाठी सकाळी आणि संध्याकाळी नळ सर्वांना मोकळा ठेवला. आंघोळीविषयी आमच्यात दोन महिने वाद चालला. अखेर पालांतील बायकांनीच सांगितले की त्यांची अडचण पाण्याची कमी आणि आडोशाची जास्त आहे. मालकांनी स्वखर्चाने एका कोपऱ्यात शहाबादी फरशी बसवून तीन बाजूंनी पत्रे लावून दिले, आणि त्या न्हाणीचे पाणी चर काढून अळवाच्या आणि केळीच्या आळ्यात सोडले. आपल्या आज्यांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ असायचीच. आम्ही नवीन काही केले नाही.

यातून सर्व काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. एक कुटुंब जानेवारीत काम मिळाले म्हणून रातोरात निघून गेले आणि त्यांच्या उभ्या मुळ्यावरून दोन घरांत बोलणे बंद झाले. एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या वाफ्यातील कांदापात आठवडी बाजारात विकली, तेव्हा ‘मळा खाण्यासाठी आहे, विकण्यासाठी नाही’ असे म्हणणारे बरेच निघाले. त्यांना त्या पैशांतून तेल आणि मीठ घ्यायचे होते, आणि नुसत्या कांदापातीवर कोणी जेवत नाही. वाफा त्यांचा आहे तर पातही त्यांची, असे आम्ही शेवटी ठरवले. हेही स्पष्ट सांगते की ४० चौरस फुटांच्या वाफ्यावर कोणाचे पोट भरत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळची पालेभाजी निघते. अक्का आजही पालातच राहतात. बदल झाला तो एवढाच, की परवाच्या वादळात त्यांची ताडपत्री उडाली तेव्हा ती शोधायला गल्लीतील सात जण गेले, आणि कोणाची ताडपत्री हे कोणाला सांगावे लागले नाही.

एक लहान सूचना. संक्रांतीला आमच्या मंडळाने मळ्यातच हळदीकुंकू ठेवले होते. पालांतील पाचपैकी तीन बायका विधवा होत्या आणि त्या दूर उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी आम्ही फक्त तिळगूळ ठेवला.

उत्तर : वकिली व्यवसायातील सदस्य, बेळगाव

‘वाफा दिला की जागेवर हक्क सांगतील’ या आक्षेपाला भावनेने उत्तर देण्यापेक्षा कायद्याने उत्तर देणे सोपे आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खाजगी जमिनीवर प्रतिकूल कब्जाने हक्क सांगण्यासाठी १२ वर्षे, आणि सरकारी जमिनीच्या बाबतीत ३० वर्षे, मालकाचा हक्क उघडपणे नाकारून अखंड ताबा असावा लागतो. मालकाच्या परवानगीने होणारा वापर, तो परवानगीचा आहे तोपर्यंत, या व्याख्येत बसत नाही. पंच कमिटीने प्रत्येक वाफाधारकाला, म्हणजे घरवाल्यांना आणि पालवाल्यांना अगदी एकाच मजकुराची, एका हंगामाच्या परवानगीची चिठ्ठी द्यावी, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत आणि पाडव्याला सर्व वाफे कमिटीकडे परत यावेत. पुढच्या दसऱ्याला पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात. फक्त पालवाल्यांकडून लिहून घेणे कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आणि शेजारधर्माच्या दृष्टीने अपमानकारक होईल.

एक दक्षता मात्र खरोखर आवश्यक आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे परवानगी घेणाऱ्याने त्या परवानगीच्या आधारे स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ती परवानगी मालकाला सहजपणे मागे घेता येत नाही. म्हणून न्हाणी, नळाचा कट्टा किंवा कुंपण जे काही करायचे ते जमीनमालकाने, आपल्या बाबतीत पंच कमिटीने, स्वतःच्या खर्चाने करावे. खानापूरच्या बाईंकडे मालकांनीच फरशी बसवून दिली, हे नकळत का होईना योग्य झाले.

आपले देवस्थान मुजराई खात्याच्या, म्हणजे कर्नाटक हिंदू धार्मिक संस्था व धर्मादाय दत्ती कायदा १९९७ च्या कक्षेत येत असेल, तर पंचांची तोंडी संमती पुरेशी नाही; लेखी परवानगी घ्यावी. जागा पंचांची नसून वसाहतीच्या आराखड्यात उद्यानासाठी राखीव निघाली, तर कर्नाटकाचा १९८५ चा उद्याने, क्रीडांगणे व खुल्या जागा संरक्षण कायदा लागू होतो आणि परवानगीचा मार्ग महापालिकेकडून जातो. म्हणून पहिले काम कुदळ मारण्याचे नसून उतारा काढण्याचे आहे.

आणखी एक गोष्ट मला येथे नोंदवावीशी वाटते. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तास खुले असे निवारागृह असावे, असे निकष घालून दिले. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या जवळ होती. हिशेब प्रत्येकाने करावा. मळा हा निवाऱ्याला पर्याय नाही, आणि मळा केल्यामुळे निवारा मागण्याचा विषय मागे पडणार असेल तर मळा न केलेला बरा. उलट, मळ्यातील ओळखीचा उपयोग त्या कामी होऊ शकतो. उदाहरणार्थ, बेघर नागरिकाला मतदार होण्यासाठी पत्त्याच्या पुराव्याची अट नाही. त्याने फॉर्म ६ मध्ये आपण जेथे झोपतो ते ठिकाण लिहिले की मतदान केंद्र स्तरीय अधिकाऱ्याने रात्री तेथे जाऊन खात्री करायची असते. पालांतील बहुतेकांना हे ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना तो अर्ज भरून देणारा कोणी शेजारी नसतो.

उत्तर : ज्येष्ठ नागरिक, टिळकवाडी

मला गोड लिहिता येत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आम्ही घरपट्टीबरोबर ३ टक्के भिक्षुक उपकर भरतो. कर्नाटक भिक्षा प्रतिबंधक कायदा १९७५ पासून आहे आणि निराश्रितांसाठी परिहार केंद्रे चालवण्यासाठीच तो उपकर घेतला जातो. मग पुन्हा आमच्या परसात ही जबाबदारी कशासाठी? रात्री दारू पिऊन मळ्यात कोणी पडले, कोणाच्या घरातील वस्तू गेली, तर पहिला संशय कोणावर येणार, याचाही आपण विचार केला आहे काय? मळ्यामुळे शेजार वाढेल हे खरे, पण भांडणालाही शेजारच लागतो.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

काकांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्या गल्लीत सायकल चोरीला गेली तेव्हा पहिला संशय पालांवरच आला होता. फरक एवढाच पडला की या वेळी अक्कांना बोलावून न आणता त्यांच्या वाफ्यापाशी जाऊन विचारले गेले, आणि त्यांनी विचारणाऱ्याला त्याच्या तोंडावर सुनावले. पूर्वी त्यांनी मान खाली घातली असती. उपकराविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तो कायदा भीक मागणाऱ्यांसाठी आहे, आणि पालांतील ही माणसे मजुरी करून जगतात.

उत्तर : ग्रंथालयात काम केलेला वाचक, निपाणी

‘मजुरी द्यावी की वाफा’ हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. इतरत्र दोन्ही मार्गांनी लोक गेले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे १९९० साली बेघरांसाठी एक मळा सुरू झाला आणि तो आजही चालतो. तेथे बेघर व्यक्तींना वेतनावर आणि प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले जाते, आणि गावातील कुटुंबे हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरून दर आठवड्याच्या भाजीचा वाटा घेतात. न्यूयॉर्कमध्ये बॉवरी हा भाग बेघर आणि व्यसनाधीन माणसांचा म्हणून कुप्रसिद्ध होता. तेथील राडारोड्याने भरलेल्या कोपऱ्यावर लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७३ मध्ये मळा उभा केला, ६० वाफे पाडले, आणि पुढच्या वर्षी महापालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. मळ्याला आज त्यांचेच नाव आहे. पहिल्या ठिकाणी मजुरी आहे, दुसऱ्या ठिकाणी वाफा.

माझे मत असे की ४ गुंठ्यांत मजुरीचा मार्ग परवडणारा नाही. नऊ कुटुंबांना हंगामभर रास्त मजुरी देण्याइतकी भाजी तेवढ्या जागेत होत नाही, आणि अर्धीमुर्धी मजुरी दिली की खानापूरच्या पहिल्या वर्षाचीच गत होते. आपल्याकडे मात्र एक गोष्ट अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख माणसे बेघर मोजली गेली आणि त्यांतील ८ लाखांहून अधिक ग्रामीण भागातील होती. आपल्या सीमाभागात पालात राहणारा माणूस पुष्कळदा ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा दगडखाणीवर आलेला, म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत शिवारातच वावरलेला असतो. श्रीपाद दाभोळकरांनी कोल्हापूरला ‘प्रयोग परिवार’ चालवताना साध्या शेतकऱ्याने स्वतःच्या तुकड्यावर केलेल्या निरीक्षणाला विद्यापीठातील प्रयोगाइतके मोल दिले होते. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा दूरची उदाहरणे मी विनाकारणच आधी दिली.

पाटीचा विषय निघाला आहे म्हणून जाता जाता एक सांगतो. मळ्याला नाव देऊन पाटी लावू नये. ती कोणत्या भाषेत, कोणती भाषा वर आणि कोणत्या भाषेला किती टक्के जागा, यात आपल्या गावी हंगाम निघून जाईल. वाफ्यांवर आकडे रंगवावेत. पालांत कन्नड बोलली जात असेल तर भाज्यांची नावे दोन्ही भाषांत आपोआप रुळतात. आमच्याकडे अंबाडीला निम्मा बाजार पुंडीच म्हणतो.

उत्तर : शेतकरी, येळ्ळूर शिवार

वाद वाचले, आता मातीविषयी थोडे. घरे पाडलेल्या राडारोड्यात चुना, सिमेंट आणि जुना रंग असतो. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून वरची कौले वेचून थेट पेरणी करू नका. राडारोडा एका बाजूला ओढून त्याची वाट करा, आणि वाफे जमिनीपासून फूटभर उंच, म्हणजे गादीवाफे, करा. त्यासाठी शेतातील माती आणि शेणखत निम्मे-निम्मे लागेल. नाल्याच्या पाण्याचा एक थेंबही पालेभाजीला घालू नका. उन्हाळ्यापर्यंत नळाचे पाणी कमी पडेल. अनगोळ, शहापूर, टिळकवाडी या भागांत जुन्या विहिरी पुष्कळ आहेत. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर तर सर्वांना ठाऊकच आहे. आपल्या वसाहतीत एखादी बुजत आलेली आड-विहीर आहे का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा.

खताचा खर्च कमी करायचा असेल तर रसवंतीवाल्यांकडे उसाची चिपाडे फुकट मिळतात. ती तशीच मातीत घातली तर वाळवी लागते आणि कुजताना ती पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. म्हणून ढीग घालून, थरांमध्ये शेणकाला शिंपडून, चार-पाच महिने कुजवावी लागतात; या हंगामात आच्छादनापुरतीच वापरा. चार गुंठ्यांसाठी जीवामृत हे पातळ खत करायचे तर २० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती पुरते. पिंप सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. हे ढवळण्याचे काम दिवसभर पालाशी बसणाऱ्या त्या आजोबांना विचारून पाहा. वाकता येत नसले तरी उभ्याने होणारे काम आहे.

हस्ताचा पाऊस संपल्याशिवाय पेरू नका. आधी पेरले तर मेथी सडते आणि पहिल्याच वाफ्याला माणसाचे मन खट्टू होते. दसऱ्यानंतर मेथी आणि राजगिरा २५ ते ३० दिवसांत, मुळा आणि कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत काढणीला येते. पालांतील बायकांकडे फ्रीज नाही आणि तीन दगडांच्या चुलीला सरपण जपून लागते. म्हणून रोज थोडी खुडता येईल आणि लवकर शिजेल अशीच भाजी त्या निवडतील. तुम्ही कोबी-फ्लॉवरचा आग्रह धरू नका. रताळ्याचे वेल मात्र कुंपणाच्या कडेने सर्वांनी मिळून लावा; चुलीच्या निखाऱ्यात भाजले तर त्याला वेगळे सरपण लागत नाही. भांगलण प्रत्येकाने आपापल्या वाफ्याची करावी आणि वाटांची सर्वांनी मिळून करावी. भांडण नेहमी वाटेवरच्या गवतावरून होते, वाफ्यातल्या गवतावरून होत नाही.

उत्तर : चिकोडी तालुक्यातील सदस्य

मी वाचक आहे, सहसा लिहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांना पूर आला तेव्हा आमचे घर पडले आणि आम्ही आधी काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, आणि नंतर पत्र्याच्या शेडमध्ये बरेच महिने काढले. त्या काळात आम्हांला तांदूळ, चादरी, साड्या पुष्कळ मिळाल्या, आणि देणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण माझ्या आईने शेडच्या मागे, गळक्या टाकीच्या ओलीवर चार वेल दोडक्याचे लावले, आणि पहिली तोडणी झाली तेव्हा रस्त्यापलीकडच्या घरी एक पाटीभर दोडके नेऊन दिले. त्या घरच्या बाईंनी घेताना फार संकोच केला. “तुम्हांलाच कमी, आम्हांला कशाला?” असे त्या म्हणाल्या. आई घरी येऊन रडली. आपण देऊ केलेले लोक घेत नाहीत, हे तिला घर पडण्यापेक्षा जड गेले असावे. आपल्या मळ्यात पालांतील कोणी आपल्या वाफ्यातील भाजी देऊ केली तर कृपया ती घ्या आणि शिजवून खा.

प्रश्नकर्ती : अनगोळ परिसरातील रहिवासी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभार. उतारा काढला, जागा कमिटीचीच निघाली आणि देवस्थान मुजराईच्या यादीत नाही. काल दिवेलागणीला आम्ही चौघी पालांवर गेलो आणि मळ्याविषयी विचारले. आम्हांला वाटले होते की ते जागेविषयी किंवा नळाविषयी विचारतील. एका बाईंनी पहिला प्रश्न असा केला की पाडव्याआधी ते निघून गेले तर उभ्या पिकाचे काय. खानापूरला मुळ्यावरून झालेले भांडण आठवून आम्ही तेथेच ठरवले की जाणाऱ्याने आपला वाफा कोणाला द्यायचा ते स्वतः सांगून जावे. २४ वाफे पाडायचे ठरले असून त्यांतील नऊ पालांकडे असतील आणि चिठ्ठ्या एकाच डब्यातून काढल्या जातील. नळाचा कट्टा पंच करून देणार आहेत. न्हाणीवर अजून एकमत नाही आणि किल्लीवरही नाही.

आजोबांना जीवामृताचे विचारले. ते हो किंवा नाही काहीच बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी फडक्याची एक पुरचुंडी आणली. तिच्यात सबसगीचे, म्हणजे आपल्या शेपूचे, बी आहे. ते गावाकडून आणलेले आहे, पण किती वर्षांपूर्वी हे त्यांना आठवत नाही. ते पेरावे अशी त्यांची इच्छा आहे. बी जुने असेल आणि उगवलेच नाही तर त्यांना वाईट वाटेल, अशी मला भीती वाटते. आधी तपासता येते काय?

उत्तर : शेतकरी, येळ्ळूर शिवार

येते. त्यांच्याच हाताने २० दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळा आणि रोज पाणी शिंपडून सावलीत ठेवा. शेपू उगवायला वेळ घेतो. दहा-बारा दिवस थांबा, मध्येच उघडून निराश होऊ नका. दहाच्या वर दाण्यांना मोड आले तर नेहमीसारखे पेरा, पाच-सहांनाच आले तर दुप्पट दाट पेरा. गोणपाट त्यांच्या पालातच ठेवा.